कृश देहातील मेद

संशोधकाने निबंध किती लिहिले, यापेक्षा त्यांतून कोणत्या प्रश्नाचा माग काढला, हे पाहणे अधिक बोधप्रद असते. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे लेखन या दृष्टीने वाचावे.

२००३ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील खेड्यांतील नवजात अर्भकांची तुलना इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या अर्भकांशी केली. इकडील बाळे वजनाने हलकी, स्नायूंनी रोड. त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून राहिलेला! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के. २००८ च्या निबंधाने हा माग मातेच्या पोषणापर्यंत नेला. गरोदरपणी ज्या मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनचा प्रभाव सर्वांत मंद आढळला.

श्रोतेहो, सडपातळ माणसाला मधुमेहाचे व हृद्रोगाचे भय नाही, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु काटा वजन सांगतो, मेद सांगत नाही. म्हणून कृश माणसानेही वेळीच रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा, आणि घरातील गर्भवतीच्या ताटाकडे सर्वांनी लक्ष द्यावे.