घराण्याचा अभिमान : जमा आणि थकबाकी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मला विषय दिलाय 'पूर्वजांचा अभिमान'. ऐकायला सोपा आहे, पण आपल्या सोसायटीत सध्या नाजूक आहे. मागच्या सर्वसाधारण सभेत सूचना आली होती की, यापुढं फ्लॅट विकताना 'चांगल्या घराण्यातली' माणसं बघूनच विकावा. त्यावर गरमागरमी झाली. म्हणून आज मोकळेपणानं बोलतो.

आपण पालमकर शेजारच्या गंगाखेडचं नाव निघालं की छाती काढून म्हणतो, "आमच्या जनाबाईचं गाव!" पण ती आपली कशी, ते बघा. परंपरा सांगते की दमा आणि करुंड या गरीब जोडप्याची ही लेक लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला राहिली. दळणकांडण केलं, स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवून घेतलं. लग्न नाही, लेकरू नाही. म्हणजे रक्ताचा वारस कुणीच नाही. तरी सातशे वर्षांनंतर तिचे अभंग घराघरांत म्हटले जातात. वंशावळीत ती कुणाच्याच वाट्याला येत नाही, म्हणून तर सगळ्यांच्या वाट्याला आली.

दुसरं उदाहरण स्वामी रामानंद तीर्थांचं. जन्म १९०३ चा, कर्नाटकातल्या सिंदगीचा. संन्यासी माणूस, संसार नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं आणि १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो. आपली पोरं आज ज्या विद्यापीठाची पदवी घेतात, त्याला त्यांचं नाव आहे. त्यांना आपलं म्हणताना आपण कधी घराणं विचारलं का?

मग कुणी म्हणेल, स्वतःच्या आजा-पणजाचा अभिमान धरूच नये काय? जरूर धरावा. रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडून गेलेल्या, परत येऊन पुन्हा चूल मांडलेल्या माणसांच्या गोष्टी कितीतरी घरांत आहेत. त्या माहीत असलेलं लेकरू अडचणीत लवकर खचत नाही. पण आजोबांनी सोसलं ते आजोबांचं कर्तृत्व. त्यांच्या घरात जन्मलो, यात आपली कमाई ती काय?

सेक्रेटरी साहेबांना विचारा, वारसाहक्कानं फ्लॅट मिळतो तेव्हा नुसत्या चाव्या मिळत नाहीत. मेन्टेनन्सची थकबाकीही गळ्यात येते. पूर्वजांचंही तसंच आहे. वारी आपली म्हणायची, तर चोखोबांना देवळाबाहेर ठेवलं तेही आपलंच म्हणावं लागतं. जमा माझी आणि थकबाकी दुसऱ्याची, असा हिशेब ऑडिटर पास करत नाही! ती थकबाकी फेडायला साने गुरुजी बसले. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी दहा दिवस उपोषण केलं आणि दार उघडलं. मला विचाराल तर वारशाचा खरा अभिमान तो. मिळालं ते जपलं आणि चुकलं ते दुरुस्त केलं.

आता त्या सूचनेकडं येतो. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातलं कलम २३ सांगतं की, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. 'घराणं पसंत नाही' हे काही कारण होऊ शकत नाही. आणि सभेत एका सभासदाला एकच मत, मग त्याचा पणजा पाटील असो की सालगडी. कायदा बाजूला ठेवला तरी मी एवढंच विचारतो : धुणीभांडी करणारी, मायबापाविना वाढलेली एखादी जनी उद्या आपल्या गेटवर भाड्यानं खोली विचारत आली, तर आपण तिला काय सांगणार?

पंचवीस वर्षांपूर्वी आपण वेगवेगळ्या गावांहून इथं आलो. पाण्याचा टँकर एकत्र मागवला, आजारपणात एकमेकांचे डबे पोचवले. या पोरांसाठी पूर्वज आता आपणच आहोत. सुवर्णमहोत्सवाला या माइकवर हीच पोरं उभी राहतील, तेव्हा आपल्या नावावर जमा जास्त निघावी, थकबाकी कमी. एवढं बोलून थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!