अल्हाम्ब्रा : ऐतिहासिक वास्तू दाखविण्याची रीत



किल्ला पाहावयास गेलेल्या माणसाला तेथे काय दिसते, हे पुष्कळसे किल्ला दाखविणाऱ्यावर अवलंबून असते. तट, बुरूज आणि पडके वाडे सर्वांना सारखेच दिसतात. परंतु कोठे थांबावे, काय सांगावे आणि काय मुळीच सांगू नये, हे ज्यास कळते तो मार्गदर्शक त्याच दगडांतून एक संपूर्ण काळ उभा करू शकतो. या दृष्टीने स्पेनच्या दक्षिणेस, ग्रानादा शहरातील अल्हाम्ब्रा या किल्लेवजा राजवाड्याचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे.

अल्हाम्ब्रा या अरबी मूळ असलेल्या नावाचा अर्थ ‘तांबडी’. दारो नदीकाठच्या टेकडीवर तांबूस मातीच्या तटबंदीत वसलेली ही एक लहानशी राजनगरीच होय. नासरी घराण्याचा संस्थापक पहिला मुहम्मद याने १२३८ मध्ये येथे कामास प्रारंभ केला. त्याने आरंभीच्या काळातच हाती घेतलेले एक महत्त्वाचे काम म्हणजे पाण्याचा कालवा. नदीच्या वरच्या अंगास सुमारे ६ किलोमीटरवर पाणी अडवून ते डोंगराच्या कडेकडेने, केवळ उताराच्या बळावर टेकडीवर आणले गेले. त्यापूर्वी तेथे जुने ठाणे होते. परंतु राजवाडे, बागा, स्नानगृहे आणि शेकडो माणसांची वस्ती शक्य झाली ती या पाण्यामुळे.

जाणता मार्गदर्शक आपले निवेदन या कालव्यापासून सुरू करतो. मग पुढचे सारे आपोआप उलगडत जाते. पहिल्या युसुफच्या काळातील कोमारेस महालासमोर मेंदीसारख्या झुडपांच्या रांगांमध्ये एक लांबट जलाशय आहे. त्यात येणारे पाणी प्रथम गोल कुंडात आणि नंतर अरुंद पन्हळीतून हळूच उतरते. त्यामुळे पृष्ठभाग हलत नाही आणि समोरचा उंच मनोरा पाण्यात जसाच्या तसा उमटतो. पाचव्या मुहम्मदाने बांधलेल्या सिंहांच्या चौकात हेच पाणी १२ संगमरवरी सिंहांच्या मुखांतून वाहते. भोवती १२४ सडपातळ स्तंभ आहेत. कारंज्याच्या कुंडावर इब्न झम्रक या कवीची कविता कोरलेली आहे. कवी दरबारात मोठ्या अधिकारपदावर होता, हे येथील अधिकारीवर्गास सांगावयास हरकत नाही. भिंतींवरील लेखांत कुराणातील वचने आहेत, काव्यपंक्ती आहेत. परंतु पुनःपुन्हा आढळते ते राजघराण्याचे ब्रीद : ईश्वरावाचून कोणी विजेता नाही.

आता दुसरी बाजू. याच चौकालगत एक दालन आहे. एका सरदार घराण्यातील पुरुषांची तेथे कत्तल झाली आणि मधल्या कुंडातील तांबूस डाग त्यांच्याच रक्ताचे आहेत, ही कथा प्रवाशांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकविली गेली. ते सरदार घराणे खरे, दरबारातील कलहही खरा. डाग मात्र लोहगंजाचा आहे. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग १८२९ मध्ये या राजवाड्यात राहिला आणि अशा दंतकथांवरील त्याचे पुस्तक १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते इतके गाजले की, कित्येक प्रवासी राजवाड्यात ते पुस्तकच शोधू लागले. ही हौस वास्तूलाही भोवली. एकोणिसाव्या शतकात सिंहांच्या चौकातील एका मंडपावर पौर्वात्य थाट यावा म्हणून मुळात नसलेला घुमट चढविण्यात आला होता. तोरेस बाल्बास या वास्तुतज्ज्ञाने १९२३ ते १९३६ या काळात येथील जतनकार्य सांभाळले. त्याच्याच कारकीर्दीत तो घुमट उतरविण्यात आला. लोकांच्या आवडीची गोष्ट काढून टाकणे त्या काळीही सोपे नव्हतेच.

म्हणून कथा सांगूच नये काय? अवश्य सांगावी, परंतु कथा म्हणून सांगावी आणि गंजाला गंज म्हणावे. ऐकणाऱ्याचा रस त्याने कमी होत नाही.

२ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने हा राजवाडा इसाबेला आणि फर्दिनांद यांच्या स्वाधीन केला. विजेत्यांनी तो पाडला नाही. त्यांच्या नातवाने, पाचव्या चार्ल्सने, शेजारी स्वतःचा भव्य महाल मात्र उभारावयास घेतला. पुढे दुर्लक्ष झाले, १८१२ मध्ये माघार घेणाऱ्या फ्रेंच सैन्याने काही बुरूज उडवून दिले. १८७० मध्ये हे राष्ट्रीय स्मारक ठरले आणि १९८४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

त्यानंतरचा धोका सुरुंगाचा नव्हे, गर्दीचा आहे. २०१९ मध्ये सुमारे २७ लाख लोकांनी अल्हाम्ब्रा पाहिला. तेथील नक्षी मुख्यतः गिलाव्याची, म्हणजे मऊ. सहज म्हणून फिरविलेला एकेक हात तिला झिजवितो. यावर व्यवस्थापनाने योजलेला उपाय साधा आहे. नासरी महालांत दर अर्ध्या तासास सुमारे ३०० जणांनाच प्रवेश मिळतो. तिकिटावर नाव व वेळ छापलेली असते. वेळ चुकली की प्रवेश नाही. परंतु आत गेल्यावर कोणी घाई करीत नाही. एरवी बंद असणारी एखादी जागा महिनाभरापुरती खुली करण्याचीही प्रथा आहे. तिच्यामुळे नाजूक जागांना विश्रांती मिळते आणि ग्रानादाच्या रहिवाशालाही पुन्हा येण्याचे निमित्त मिळते. सिंहांचे जतनकार्य सुमारे दहा वर्षे चालून २०१२ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी आपले सर्वांत प्रसिद्ध शिल्प काही काळ प्रवाशांपासून दूर ठेवण्याचे धैर्य व्यवस्थापनाने दाखविले, याचे कौतुक केले पाहिजे.

हा विषय आपल्याकडे आता दूरचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले; त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. तटाखालच्या गावांत वाहने उभी करण्याची जागा, पिण्याचे पाणी, कचऱ्याची वासलात हे प्रश्न ग्रामपंचायतींच्या दारात येणार आहेत. किल्ला दाखविण्याचे कामही बव्हंशी गावातल्याच तरुणांकडे येईल. त्यांना गणवेश व ओळखपत्र देणे सोपे आहे. पाठांतरापलीकडचे काही शिकविणे अवघड, आणि त्यात शिक्षकांचा वाटा सर्वांत मोठा राहील. रायगडावर सहल नेणाऱ्या शिक्षकाने हिरकणीची कथा मुलांना बुरुजापाशी जरूर सांगावी, ती लोककथा आहे एवढे नमूद करून. नंतर त्याच मुलांना गंगासागर तलावाच्या काठी उभे करावे आणि इतक्या उंचावर राजधानीला पुरेल एवढे पाणी कसे साठविले असेल, हे त्यांनाच शोधावयास लावावे.