'सापडलं नाही' म्हणजे 'नाहीये' असं नाही

(या भागाचा मजकूर. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे कसं' काढले आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे. पण कोडिंग येत नसलं तरी ऐका, कारण सुरुवात कोडने होत नाही, एका चुकीने होते. आणि चूक आमचीच आहे.

येरवड्यातले आम्ही काहीजण एक छोटी वेबसाइट चालवतो. वस्तीतले लोक तिथे प्रश्न विचारतात, ज्याला माहीत असेल तो उत्तर देतो. पाणी कधी येणार, दाखला कुठे मिळतो, तुरुंगात मुलाखतीला जाताना कोणते कागद लागतात, असं सगळं. नवीन काही नाही हे. 1996 मध्ये मायबोली सुरू झाली, तेव्हापासून मराठी माणसं नेटवर एकमेकांना विचारतायत आणि सांगतायत.

तर झालं असं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. तिला एवढंच बघायचं होतं, की उत्पन्नाचा दाखला कोणत्या वर्षाचा जोडायचा. सकाळी तिने सर्चमध्ये टाकलं, 'उत्पन्न दाखला'. साइट म्हणाली, काही सापडलं नाही.

उत्तर होतं. तीन महिन्यांपूर्वी एका ताईंनी नीट लिहून ठेवलं होतं. पण त्यांनी लिहिलं होतं 'उत्पन्नाचा दाखला'. आमच्या सर्चला 'उत्पन्न' हवं होतं, 'उत्पन्नाचा' हा त्याच्या लेखी वेगळाच शब्द.

पुढचं ऐका. त्याच दुपारी दुसऱ्या कुणीतरी तोच प्रश्न विचारला आणि एका काकांनी संध्याकाळी उत्तर टाकलं. शीर्षक काय, तर 'उत्पन्न दाखला'. रात्री त्या मुलीने परत शोधलं. परत तेच, काही सापडलं नाही! कारण सकाळचं रिकामं उत्तर आमच्या सर्व्हरने 24 तासांसाठी जपून ठेवलं होतं. तिला वाटलं, नवा दाखला काढावा लागणार. दुसरा दिवस रांगेत गेला, फॉर्म राहिला. तिच्याकडे होता तो दाखला चालणार होता.

येरवडा एक, रूपं किती?

आधी सर्चचं बोलू. सर्च प्रत्येक वेळी सगळं वाचत बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कोणता शब्द कोणत्या पानावर, तशी सूची तो आधीच करून ठेवतो. अडचण अशी, की मराठीत शब्द एका रूपात राहत नाही. येरवडा, येरवड्यात, येरवड्याला, येरवड्याहून. इंग्रजीत बहुतेक वेळा गावाचं नाव तसंच राहतं, पुढे-मागे छोटे शब्द लागतात. आपल्याकडे नावच वाकतं. त्यात कुणी लिहितं येरवडा, कुणी येरवाडा, कुणी येरवडे. इंग्रजी अक्षरांत कुणी 'डब्ल्यू' वापरतं, कुणी 'व्ही'.

आमच्या डेटाबेसमध्ये हिंदीसाठी प्रत्यय काढायची सोय तयार होती, मराठीसाठी नव्हती. म्हणून आम्हीच नियम लिहिले. 'घरात' मधला 'आत' काढला, 'घर' मिळालं. मस्त! मग 'वरात' आली. तिचा 'आत' काढला आणि उरला नुसता नवरदेव. 'परात' चं 'पर' झालं. तेव्हा कळलं, नुसती कात्री चालवून भागत नाही. आता आम्ही मूळ शब्द आणि कापलेला शब्द दोन्ही सूचीत ठेवतो. तंतोतंत जुळलेलं वर दाखवतो, कापून जुळलेलं त्याच्याखाली.

दुसरी गंमत डोळ्यांना दिसतच नाही. 'अधिकाऱ्याची सही' यातला 'ऱ्या' दोन-तीन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं. 'ॲप' मधल्या 'ॲ' ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा 2008 मध्ये मिळाली, त्याआधी लोक 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवायचे, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. स्क्रीनवर सगळं सारखं, कॉम्प्युटरला वेगवेगळं. उपाय सोपा आहे. लिहिलेला मजकूर आणि शोधलेला शब्द, दोन्ही आधी एकाच साच्यातून काढायचे. फक्त एका बाजूला करून उपयोग नाही.

आणि तिसरं, एकाच गोष्टीची दोन नावं. 24 सप्टेंबर 1932 चा करार येरवडा तुरुंगात झाला. कुणी त्याला पुणे करार म्हणतं, कुणी येरवडा करार. तुरुंगातल्या भेटीला कागदोपत्री 'मुलाखत' म्हणतात, लोक 'भेट' किंवा 'मुलाकात' शोधतात. अशा जोड्या कोणताही नियम बनवून देत नाही, त्या माणसांनीच लिहाव्या लागतात.

थर्मासमधला चहा

आता कॅश. पैशांची नाही हो! टपरीवाला प्रत्येक गिऱ्हाईकासाठी नवं आधण ठेवत नाही, एकदा उकळतो आणि थर्मासमध्ये भरतो. कॅश म्हणजे तो थर्मास. एकदा शोधलेलं उत्तर ठेवून द्यायचं, पुढच्याला लगेच द्यायचं. स्वस्त सर्व्हर, संध्याकाळची गर्दी, स्लो नेट, त्यात कॅशशिवाय आमचं चालणारच नाही.

पण थर्मासमधला चहा किती वेळ चालतो? मार्च 2024 मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत गेली, येरवडा स्टेशन मात्र उघडलं ऑगस्टमध्ये. 'येरवडा मेट्रो चालू आहे का' याचं उत्तर एका दिवसात 'नाही' चं 'हो' झालं. त्या दिवशी जुनं उत्तर दाखवलं, तर माणूस उगाच पुढच्या स्टेशनवर उतरून मागे चालत येणार.

म्हणून आम्ही चार गोष्टी बदलल्या. एक, कुणी उत्तर लिहिलं किंवा बदललं की त्या विषयाची कॅश त्याच क्षणी पुसायची, 24 तास संपायची वाट बघायची नाही. दोन, 'काही सापडलं नाही' हे फार तर एक मिनिट ठेवायचं. तीन, कॅशमध्ये ठेवतानाही शब्द त्याच साच्यातून काढायचा, नाहीतर एका स्पेससाठी वेगळा थर्मास भरला जातो. चार, लॉगिन केलेल्या माणसाचं स्वतःचं पान सगळ्यांच्या कॅशमध्ये कधीच ठेवायचं नाही. एकाचे मेसेज दुसऱ्याला दिसले, तर साइट बंद केलेली बरी.

प्रोग्रामर लोकांत एक जुना विनोद आहे, फिल कार्लटन यांच्या नावावर सांगतात. कॉम्प्युटरमध्ये दोनच गोष्टी अवघड, कॅश कधी पुसायची आणि नाव काय ठेवायचं. त्या मुलीच्या बाबतीत आमच्या दोन्ही चुकल्या.

रिकाम्या हाताने कोण गेलं?

सगळ्यात कामाची गोष्ट शेवटी. ज्या सर्चला काहीच सापडलं नाही, त्यांची यादी आम्ही आता दर रविवारी वाचतो. फक्त शब्द, कुणी शोधलं ते नाही. येरवड्यात तुरुंग आहे, मनोरुग्णालय आहे. लोक इथे काय शोधतात ते त्यांच्या घरातलं दुखणं असतं, त्यावर नाव चिकटवायचं नाही. शब्दावरून कुणाची ओळख पटत असेल, तर तोही पुसतो. पण बाकीची यादी खरं सांगते. आमच्या हुशारीने बनवलेल्या नियमांपेक्षा जास्त दुरुस्त्या तिनेच सुचवल्या.

आणि रिकाम्या पानावरचं वाक्यही बदललं. आधी होतं, 'काही सापडलं नाही'. आता आहे, 'आम्हाला सापडलं नाही. उत्तर असू शकतं. इथे विचारा.' खाली प्रश्न लिहायची जागा. मशीनला सापडलं नाही म्हणजे जगात नाही, असं ऐकणाऱ्याला वाटू द्यायचं नाही.

त्या मुलीला आम्ही जाऊन सांगितलं, चूक आमची होती. ती म्हणाली, मला वाटलं मलाच शोधता येत नाही. हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही.

तुम्ही एखादं ॲप बनवत असाल, तर आज एवढंच करा. तुमच्या भागाचं नाव घ्या, 'ला' लावून शोधा, 'त' लावून शोधा, चुकीचं लिहून शोधा. तिन्ही वेळा तेच सापडतंय का बघा. नसेल, तर कामाला लागा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!