तहान लागेल तेवढंच पाणी

धावताना तहान नसली तरी पाणी पीत राहा, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जायचा. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांची एक धावपटू कोसळली आणि दगावली. कारण उष्माघात नव्हे. अति पाण्यामुळे रक्तातलं सोडियम घसरलं होतं.

त्याच शर्यतीतल्या ४८८ धावपटूंचं रक्त संशोधकांनी तपासलं. १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. चार तासांहून जास्त वेळ धावणाऱ्यांना आणि धावताना वजन वाढलेल्यांना धोका अधिक होता.

सोडियम फार घसरलं की मेंदूला सूज येते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण ही त्याची लक्षणं. बोटातली अंगठीही घट्ट होऊ शकते.

लांब पल्ल्याच्या सरावाआधी आणि नंतर वजन करावं. ते वाढलं असेल, तर पुढच्या वेळी पाणी कमी करावं. सायकलस्वारांनाही हेच लागू पडतं.