प्रकल्प मुलाचा की बाबांचा?



मुलीकडे अमेरिकेत गेलो की नातवाच्या स्काउटिंगच्या गप्पा कानावर पडतातच. तिथला सर्वोच्च हुद्दा ‘ईगल स्काउट’. 21 मेरिट बॅज तर हवेतच, शिवाय 18 वर्षं पूर्ण होण्याआधी एक सेवा-प्रकल्प. शाळेसाठी, प्रार्थनास्थळासाठी किंवा गावासाठी. मुलाने स्वतः आखायचा आणि इतरांना बरोबर घेऊन पार पाडायचा. प्रस्ताव आधी मंजूर करून घ्यावा लागतो, अगदी आपल्या कर्जप्रकरणासारखा!

आता गंमत बघा. समजा, एकाचे वडील कंत्राटदार. त्याची बाकं झकास होणारच. दुसऱ्याने चार मित्र जमवून शाळेची बाग साफ केली. पास कोण? नियमात किमान तासांची अट नाही. मुलाने नेतृत्व केलं का, हे बघायचं. पण परीक्षक शेवटी माणूस. चकचकीत फोटोंना भुलतो. एखादा मनानेच ‘शंभर तास भरले पाहिजेत’ म्हणतो. हा सरळ अन्याय. जी अट कागदावर नाही ती ग्राहकाला घालायची नाही, हे आम्ही बँकेत शिकलो. नाकारलेल्या मुलाला तिथे अपील करता येतं, हे मला फार आवडलं.

येत्या रविवारी आपल्या सोसायटीतल्या मुलांच्या प्रकल्पांचं परीक्षण आहे. आई-बाबांनी कृपया बाहेर बसावं. मी प्रत्येकाला विचारणार आहे: कोणाकोणाला कामाला लावलंस, आणि कोणी ‘नाही’ म्हणालं तेव्हा काय केलंस?