उष्णतेची कणगी

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मी पीएच.डी.साठी अभ्यास करते आहे. विषय आहे घरात उष्णता कशी साठवावी हा. आमच्या माण तालुक्यात हे सांगितले की माणसे आधी हसतात. ज्या गावात उन्हाने जीव नकोसा होतो, तिथली मुलगी ऊब साठवायला शिकते, म्हणजे नवलच की!

पण तिकडचा हिवाळा निराळा. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडू लागतो, आणि घर तापवणे ही तिथे चैन नव्हे. बहुतेक घरांत त्यासाठी नळाने आलेला गॅस जाळतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. २०५० पर्यंत असल्या वायूंचे निव्वळ प्रमाण शून्यावर आणायचे, असा कायदा ब्रिटनने २०१९ मध्ये केला. म्हणजे गॅसच्या जागी वीज, आणि तीही शक्यतो पवनचक्क्यांची. आता वारा काही आपल्याला विचारून वाहत नाही. तो मध्यरात्री जोरात असतो, आणि साऱ्या देशाला ऊब हवी असते संध्याकाळी. आपण सुगीचे धान्य कणगीत भरतो नि वर्षभर खातो, तशी तिथे उष्णतेची कणगी पाहिजे.

सर्वांत सोपी कणगी म्हणजे गरम पाण्याची टाकी. परंतु ती मोठी लागते, आणि शहरातली जुनी घरे चिंचोळी. नवे गॅसचे बंब बसवताना पुष्कळांनी जुन्या टाक्या काढून टाकल्या आणि त्या जागी कपाटे केली. दुसरी रीत विटांची. रात्रीच्या स्वस्त विजेवर लोखंडी पेटीतल्या विटा तापवायच्या आणि दिवसा त्यांची ऊब घ्यायची. मी पाहिलेल्या घरांपैकी एकात एक निवृत्त बसचालक आजोबा अशाच पेटीवर हिवाळे काढत होते. ते म्हणाले, "मुली, सकाळी खोली इतकी तापते की खिडकी उघडावी लागते, आणि रात्री आठला मी ओव्हरकोट घालून बसतो."

तिसरी रीत वितळणाऱ्या पदार्थांची. माझा अभ्यास तिचाच. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठते, उन्हात ठेवले की पातळ होते. वितळताना ते उष्णता पिते आणि गोठताना परत देते. शाळेच्या पुस्तकात यालाच अप्रकट उष्मा म्हणतात. बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तितकेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते! माझ्या कामाचे मीठ म्हणजे सोडियम ॲसिटेट. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांपासूनही ते होते. त्याचे पाणी धरलेले स्फटिक ५८ अंशांवर वितळतात, आणि घर तापवायला हे तापमान सोयीचे आहे.

एवढे सोपे असेल तर अभ्यास कसला, असे तुम्ही म्हणाल. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डोव्हर गावी डॉ. मारिया टेल्केस या हंगेरीत जन्मलेल्या विदुषीने सूर्याच्या उष्णतेवर तापणारे घर उभारले. उष्णता साठवायला ग्लॉबरचे मीठ होते. दोन हिवाळे बरे गेले, तिसऱ्यात मीठ रुसले. वितळता वितळता त्याचे थर पडले. जड भाग तळाशी बसला, पातळ भाग वर राहिला, आणि दोन्ही पुन्हा एकजीव होईनात.

माझ्या मिठालाही हीच खोड आहे. शिवाय दुसरी एक: थंड झाले तरी ते गोठायचे विसरते, आणि गोठले नाही तर ऊब देत नाही. मग दुधाला विरजण लावावे तसा त्यात एखादा स्फटिक टाकावा लागतो. तो पडला की सारे झरझर गोठते आणि भांड्याला हात लावला तर चटका बसतो. थर पडू नयेत म्हणून त्यात खळीसारखा दाटपणा आणणारा पदार्थ मिसळतात. तो किती घालावा, यात माझे पहिले वर्ष गेले.

आता हिशेब पाहा. पेटी २० वर्षे टिकायची, तर रोज एकदा धरून मीठ सुमारे ७,३०० वेळा वितळून गोठले पाहिजे. प्रयोगशाळेत एका फेरीला चार तास धरले, तरी तीन वर्षे चार महिने होतात. परदेशी विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती आणि व्हिसा साधारण तेवढ्याच मुदतीचे. मिठाला त्याचे काय! बारीक नळीत फेऱ्या भराभर होतात खऱ्या, परंतु थर साचायला उंची लागते. नळीत शहाण्यासारखे वागलेले मीठ पिंपात बिघडते. म्हणून फेऱ्या थोड्या झाल्या तरी चालतील, पण प्रयोग पिंपातच करावा, असे माझे मत. आमच्या गुरुजींशी यावर बराच वाद झाला. शेवटी दोन्ही करायचे ठरले.

आजोबांनी मला अंश विचारले नाहीत की स्फटिक विचारले नाहीत. त्यांनी जिन्याखालचे कपाट उघडले. आत त्यांच्या दिवंगत पत्नीचे शिवणयंत्र होते. "हे हलवायचे नाही," ते म्हणाले, "शेजारची जागा घे." मी माप घेतले. रुंदी ५५ सेंटिमीटर, खोली ५०, उंची ७०. सध्या माझे पिंप त्याहून बरेच उंच आहे.