पेट्रोल भरल्यानंतर मोटारसायकल अडखळते तेव्हा



सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगर परिसर अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध आहे. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे 5,000 मिलिमीटर पाऊस पडतो. शिवसागर जलाशयाच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांना शाळा, दवाखाना, बाजार आणि तालुक्याचे ठिकाण यांच्याशी जोडणारे हाताशी असलेले साधन म्हणजे मोटारसायकल होय. शिक्षक तिच्यावरून शाळा गाठतो, आरोग्यसेवक तिच्यावरूनच औषधे नेतो. अशी गाडी पेट्रोल भरून निघाल्यावर थोड्याच अंतरावर गचके खाऊ लागली आणि कुंभार्ली घाटाच्या चढावर, पावसात व धुक्यात बंद पडली, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. तो जीविताचा होतो.

अशा वेळी तोंडून पहिला उद्गार निघतो तो भेसळीचा. हा उद्गार कधी खरा ठरतो, कधी ठरत नाही. तो चुकीचा असेल, तर पंपचालकाची निष्कारण बदनामी होते व गाडीतील मूळ दोष तसाच राहतो. तो खरा असून सिद्ध करता आला नाही, तर दोषी मोकळा सुटतो. हे दोन्ही अनर्थ टाळावयाचे, तर संशयापूर्वी क्रमवार तपासणी झाली पाहिजे आणि तिची नोंद राहिली पाहिजे.

दोष केव्हा सुरू झाला?

तपासणीतील पहिला प्रश्न वेळेचा आहे. कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत टाकीतील पेट्रोल प्रथम कार्ब्युरेटरच्या लहानशा वाटीत उतरते. या वाटीत साधारणपणे 30 ते 50 मिलिलिटर पेट्रोल मावते. गाडी एका लिटरला 50 किलोमीटर जाते असे धरले, तर जुन्या पेट्रोलावरच ती दीड ते अडीच किलोमीटर धावते. म्हणून पंपावरच गाडी सुरू झाली नाही, तर तो दोष बहुधा नव्या पेट्रोलाचा नसतो. चोक ओढलेला असतो किंवा तापलेल्या इंजिनात पेट्रोल जास्त झालेले असते. उलट, दोन-तीन किलोमीटर नीट चालून गाडी एकाएकी अडखळू लागली, तर टाकीकडे लक्ष देणे योग्य ठरते. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत मात्र कार्ब्युरेटरच्या जागी इंधन फवारणीची यंत्रणा आली. तिचा पंप सामान्यतः टाकीच्या तळाशी असल्यामुळे तळाचे पाणी इंजिनाकडे लवकर पोहोचते.

दुसरी तपासणी टाकीच्या झाकणाची. झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. चिखलाने ते बुजले, तर पेट्रोल खाली उतरत असता टाकीत निर्वात निर्माण होतो आणि इंजिनाला इंधन अपुरे पडते. गाडी अडखळताच ती रस्त्याच्या कडेला उभी करून झाकण क्षणभर उघडावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि गाडी पूर्ववत चालू लागली, तर दोष छिद्राचा आहे, पेट्रोलाचा नव्हे. टाकी काठोकाठ भरण्याची सवयही घातक आहे. अलीकडच्या गाड्यांत पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो. त्यात पातळ पेट्रोल शिरल्यास इंजिन अडखळते व सुरू होण्यास त्रास देते.

इथेनॉल आणि पाणी

या प्रश्नाला अलीकडे एक नवे अंग प्राप्त झाले आहे. पेट्रोलात 5 टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम जानेवारी 2003 मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झाला. जून 2022 मध्ये देशात 10 टक्क्यांचे प्रमाण गाठले गेले, फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के मिश्रणाची विक्री टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि 2025 मध्ये तेही उद्दिष्ट साध्य झाले. साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून येणारे इथेनॉल ऊस उत्पादकाच्या हिताचे आहे; कृष्णाकाठच्या सातारा-सांगली जिल्ह्यांना हे वेगळे सांगावयास नको.

तथापि इथेनॉलचे गुणधर्म पेट्रोलाहून भिन्न आहेत, हे ध्यानी घेतले पाहिजे. त्याची उष्णताशक्ती पेट्रोलापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आहे. त्यामुळे जुन्या गाडीचे ॲव्हरेज किंचित घटणे स्वाभाविक आहे. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात दुचाकींसाठी ही घट 3 ते 4 टक्के दिली आहे. जुन्या टाकीतील चिकटा व गंज इथेनॉलमुळे सुटतो आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इथेनॉल पाण्याला आपलेसे करते. साधे पेट्रोल व पाणी वेगळे राहतात. इथेनॉलयुक्त पेट्रोल मात्र थोडे पाणी स्वतःत सामावून घेते आणि मर्यादा ओलांडताच पाणी व इथेनॉल मिळून एक जड थर तळाशी बसतो. 10 टक्के मिश्रणात, सुमारे 15 अंश तपमानास, ही मर्यादा साधारण अर्धा टक्का आहे. म्हणजे 10 लिटरच्या टाकीत अवघे 50 मिलिलिटर पाणी. 20 टक्के मिश्रणात ती काहीशी अधिक असते. थंडी वाढली की मर्यादा घटते. म्हणून सायंकाळी ठीक असलेली गाडी पहाटे बिघडू शकते.

केवळ हवेतील दमटपणामुळे एवढे पाणी दोन-चार दिवसांत टाकीत जमत नाही. ते झाकणाच्या फाटक्या रबरातून, भर पावसात उघड्या टाकीत पेट्रोल भरताना, उघड्यावर ठेवलेल्या कॅनमधून किंवा पंपाच्या भूमिगत टाकीतून येते. या शेवटच्या शक्यतेचे ठळक उदाहरण जून 2025 मध्ये मध्य प्रदेशात रतलामजवळ घडले. मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यासाठीच्या 19 वाहनांत डिझेल भरल्यावर ती एकामागून एक बंद पडली. टाक्या उघडल्या असता डिझेलात पाणी आढळले आणि प्रशासनाने तो पंप सीलबंद केला. एकाच ठिकाणी इंधन भरलेल्या अनेक वाहनांत एकच दोष आढळणे, हा तेथील निर्णायक पुरावा होता. खेड्यातही हाच प्रश्न प्रथम विचारावा : त्याच दिवशी, त्याच पंपावर पेट्रोल भरलेल्या इतर गाड्यांची स्थिती काय आहे?

बाटलीतील परीक्षा

गाडी पूर्ण थंड झाल्यावर, मोकळ्या जागेत, विडी-काडीपासून दूर, कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळचा स्क्रू सैल करून पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे व स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले, तर पाणी आहे. गाळ दिसला, तर टाकी व गाळणी स्वच्छ करावयास हवी. मुख्य नळीवर नीट चालणारी गाडी रिझर्व्हवर येताच अडखळत असेल, तर तळाशी पाणी अथवा गाळ असल्याचे ते लक्षण समजावे. तळाशी थर बसल्यावर त्यात नवे पेट्रोल ओतणे हा उपाय नव्हे. टाकी पूर्ण रिकामी केली पाहिजे. ते पेट्रोल ओढ्यात किंवा गटारात सोडू नये. फवारणी यंत्रणेच्या गाडीचे काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. पेट्रोलात पाणी घालून बाटली हलवली असता खालचा थर घातलेल्या पाण्यापेक्षा वाढलेला दिसतो. यावरून पेट्रोलात पाणी मिसळले आहे, असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः पेट्रोलातील इथेनॉल पाण्यात उतरल्यामुळे तो थर वाढतो. इथेनॉल कायदेशीररीत्या मिसळलेले असते; त्यामुळे हा भेसळीचा पुरावा ठरत नाही.

बाटलीतील पेट्रोल स्वच्छ निघाले, तर दोष पावसाचा असण्याचा संभव मोठा. स्पार्क प्लगची टोपी, त्याची वायर आणि एअर फिल्टर ओले झाल्यास गाडी तशीच गचके खाते. ते कोरडे करताच ती सुधारली, तर पंपाकडे बोट दाखविण्याचे कारण उरत नाही.

ग्राहकाचे हक्क

संशय टिकला, तर ग्राहकाने पंपावरच परीक्षा मागावी. नोझलचे तोंड पुसून फिल्टर पेपरवर पेट्रोलचा एक थेंब टाकल्यास शुद्ध पेट्रोल सुमारे दोन मिनिटांत उडून जाते. डाग राहिल्यास डिझेल, रॉकेलसारख्या जड तेलाच्या भेसळीचा संशय येतो. पेट्रोलच्या रंगाची फिकट छटा म्हणजे डाग नव्हे. पाण्याचा शोध मात्र या परीक्षेने लागत नाही. घनता मोजून ती 15 अंश तपमानाच्या प्रमाणावर आणली जाते व टँकरच्या चलनावरील आकड्याशी ताडून पाहिली जाते. घनमीटरला 3 किलोग्रॅमपेक्षा अधिक फरक आक्षेपार्ह ठरतो. माप कमी वाटल्यास 5 लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून घेण्याचा हक्क आहे. त्यात 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य मानला जातो.

भेसळीविरुद्ध कारवाई अत्यावश्यक वस्तू अधिनियम, 1955 आणि त्याखालील 2005 चा आदेश यांनुसार होते. घरच्या बाटलीतील पेट्रोल दिशा दाखवते. परंतु कायद्याच्या दृष्टीने वजन असते ते अधिकृत अधिकाऱ्याने विहित पद्धतीने घेतलेल्या नमुन्याला. म्हणून विलंब करू नये. पावती, तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, भरलेले लिटर व दोष सुरू होण्यापूर्वी कापलेले अंतर एवढी माहिती लिहून पंपाच्या तक्रार पुस्तकात नोंद करावी आणि तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेस कळवावे. मापाची तक्रार वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे जाते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

ग्रामपंचायतीने अशा तक्रारींसाठी एक साधी वही ठेवली, तरी पुष्कळ साधेल. एकट्याची तक्रार हा संशय असतो. एकाच दिवसाच्या, एकाच पंपाच्या पाच नोंदी प्रशासनाला दुर्लक्षिता येत नाहीत. त्याच वहीतून पाचही गाड्यांचे पंप वेगवेगळे निघाले, तर एका निरपराध व्यावसायिकावरील बालंटही टळेल.

कोयनानगरला नोंदीचे महत्त्व नव्याने पटवून द्यावे लागत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाचा आघात या भूमीने सोसला आहे. येथील लहानमोठ्या धक्क्यांच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी जलाशय व भूकंप यांच्या संबंधाच्या ज्ञानात मोलाची भर घातली. गाडीचा गचका त्या मानाने क्षुल्लक खरा. परंतु आधी पाहणे, मग मोजणे, मग लिहिणे आणि सर्वांत शेवटी दोष देणे, ही शिस्त दोन्ही ठिकाणी एकच आहे.